इंजिनियर झाले दिवाण

मंडळी, पाटाच्या पाण्यावरून झालेली भांडणे तुम्ही पाहिली असतील. वरचा म्हणतो, पाट माझ्या बांधावरून जातो, आधी मी भिजवणार. खालचा म्हणतो, पाणीपट्टी मीही भरतो, मग माझेच पीक का वाळावे? आमच्या गावी अशा भांडणात एकदा कुऱ्हाडी निघाल्या होत्या. त्या दिवशी शाळा सुटली तरी आम्ही मुलांना बाहेर सोडले नाही. त्यांना बसवून एका माणसाची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हांला सांगतो.

त्यांचे नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळी या खेड्यात त्यांचा जन्म झाला. वडील लवकर वारले. दुसऱ्यांच्या मुलांना शिकवून ते बंगलोरला शिकले. मग संस्थानची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते पुण्याच्या कॉलेजात इंजिनियर व्हायला आले. १८८३ साली परीक्षेत पहिले आले. १८८४ साली नाशिकला सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला लागले.

त्या काळी नीरेच्या कालव्यावर वरच्या गावांत पाणी फार मुरे. जमिनी चिबड होत, डास वाढत, हिवताप येई. खालची गावे मात्र कोरडी राहत. १८९९ च्या सुमारास विश्वेश्वरय्यांनी यावर ब्लॉक पद्धत काढली. ब्लॉक म्हणजे शेतांचा गट. गटाच्या एका भागात ऊस लावायचा, बाकीच्या भागात कमी पाण्याची पिके घ्यायची. उसाचा भाग फिरता ठेवायचा. पाणी पाळीने आणि मोजून द्यायचे. शेतकऱ्यांना आधी वाटले, आपले पाणी जाणार. त्यांनी विरोध केला. विश्वेश्वरय्यांनी हिशेब मांडून त्यांना पटवले. नुसता हुकूम काढला असता तर रात्री पाट फुटले असते!

पुण्याजवळ खडकवासल्याला १९०३ च्या सुमारास त्यांनी आपोआप चालणारे दरवाजे बसवले. तलाव ठराविक पातळीच्या वर चढला की दरवाजे उघडत. पाणी उतरले की मिटत. धरणाची भिंत न वाढवता जास्त पाणी साठू लागले.

१९०८ साली हैदराबादेत मुसी नदीला मोठा पूर आला. हजारो माणसे वाहून गेली. निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावले. शहराच्या वर तलाव बांधून पूर अडवा, असे त्यांनी सुचवले. उस्मानसागर आणि हिमायतसागर हे तलाव त्यातूनच झाले.

१९०९ साली ते म्हैसूरचे मुख्य इंजिनियर झाले आणि १९१२ साली दिवाण. दिवाण म्हणजे संस्थानचा मुख्य कारभारी. असे सांगतात की, पद घेण्याआधी त्यांनी नातेवाइकांना बोलावून बजावले, "माझ्याकडे कोणी वशिला घेऊन यायचे नाही."

१९११ साली कन्नंबाडीला कावेरीवर मोठे धरण बांधायला सुरुवात झाली होती. पण कावेरी पुढे मद्रास इलाख्यात जाते. मद्रास म्हणाले, तुम्ही पाणी अडवले तर आमची भाताची शेते काय करतील? हीच ती वरच्या-खालच्याची तक्रार, फक्त दोन राज्यांची. हिंदुस्थान सरकारने आधी लहान धरणालाच परवानगी दिली. विश्वेश्वरय्यांनी पाया मात्र मोठ्या भिंतीचा घातला. आणि वाद कागदांनी व आकड्यांनी लढवला. १९१४ साली लवादाने म्हैसूरच्या बाजूने निकाल दिला. मद्रासने तो मानला नाही. अखेर १९२४ साली दोघांत करार झाला. १९३१ च्या सुमारास धरण पुरे झाले. मंड्याकडचा कोरडा भाग भिजू लागला. पण हेही विसरू नये की, त्यासाठी कित्येक गावे पाण्याखाली गेली.

१९१३ साली त्यांनी इंग्रज सरकारशी बोलणी करून म्हैसूरचा जुना तह बदलून घेतला. संस्थानाचा मान वाढला. त्याच साली सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला. १९१६ साली म्हैसूर विद्यापीठ निघाले. मोठा माणूसही सगळीकडे बरोबर नसतो. मागे राहिलेल्या जातींसाठी नोकरीत जागा राखाव्यात, असे महाराजांचे मत होते. विश्वेश्वरय्यांना ते पटले नाही. या मतभेदातून १९१८ साली त्यांनी दिवाणपद सोडले. आमच्या मते त्या बाबतीत महाराजांची नजर लांबची होती. पुढे देशाच्या घटनेने अशा राखीव जागा मान्य केल्या.

१९५५ साली त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला. १९६२ साली ते वारले, तेव्हा वयाची शंभरी उलटली होती.

कावेरीचा वाद मात्र संपला नाही. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा वाटणी ठरवून द्यावी लागली. पाणी वाढत नाही, मागणारे वाढतात. म्हणून मोजणे सुटत नाही आणि बोलणेही सुटत नाही. विश्वेश्वरय्या आधी मोजत, मग बोलत. आपण आधी बोलतो, मग कुऱ्हाड शोधतो!

आता तुम्हांला लिहिता-वाचता येते, बरं का. आपल्या चारीवर कोणाचे किती क्षेत्र, कोणाची पाळी कधी, हे एका वहीत लिहा. वही चावडीत सगळ्यांसमोर वाचा. टोकाच्या शेतकऱ्याला आधी बोलू द्या.

विचार करा :
१. ब्लॉक पद्धतीने खालच्या गावांचा काय फायदा झाला?
२. भिंत लहान असताना पाया मोठा का घातला?
३. तुमच्या गावात पाण्याचा हिशेब कोण ठेवतो? तो सगळ्यांना पाहता येतो का?