नकाशा, करार आणि घर

(पाठाविषयी : विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या उत्तरेकडे दादर-माटुंगा ही नवी वस्ती आखून वसवली गेली. ती कशी उभी राहिली, तिच्यामागे कोणते नकाशे आणि कोणते करार होते, त्यांतून कोणाला घर मिळाले आणि कोणाला मिळाले नाही, याची माहिती या पाठात दिली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, मुंबईला दादर-माटुंगा भागात कधी गेलात, तर तेथील रस्ते नीट पाहा. ते रुंद आणि बरेचसे सरळ आहेत. दुतर्फा झाडे आहेत. दोन जुन्या इमारतींमध्ये थोडी मोकळी जागा सोडलेली दिसते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी येथे भातशेती, सखल जमीन आणि लहान लहान गावे होती. मग ही वस्ती अशी शिस्तीत कोणी वसवली?

याचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला १८९६ सालात जावे लागेल. त्या वर्षी सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात प्लेगची साथ सुरू झाली. मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा रोग प्रथम ओळखला. पाहता पाहता साथ शहरभर पसरली. हजारो माणसे दगावली आणि लाखो लोक शहर सोडून गावी गेले. त्या वेळी मांडवी, भुलेश्वर, नागपाडा अशा भागांत चाळी एकमेकींना खेटून उभ्या होत्या. एकेका अंधाऱ्या खोलीत आठ-दहा माणसे राहत. ना उजेड, ना वारा. दाट वस्ती आणि घाण यांमुळेच प्लेग होतो, असे सरकारला वाटले. हा रोग उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ साली दाखवून दिले. पण ते सर्वांना पटायला बराच काळ जावा लागला. तरीही एक गोष्ट खरी होती. माणसाला राहण्यासाठी उजेड, हवा आणि मोकळी जागा हवी.

१८९८ साली कायदा करून ‘मुंबई शहर सुधारणा विश्वस्त मंडळ’ स्थापन करण्यात आले. लोक त्याला ‘इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ म्हणत. दाट वस्तीतून रुंद रस्ते काढणे, राहण्यास अयोग्य अशा चाळी पाडणे आणि शहराच्या उत्तरेला नव्या वस्तीसाठी जमीन तयार करणे, ही त्याची मुख्य कामे होती. नागपाडा ही ट्रस्टची पहिली योजना. पुढे दादर-माटुंगा आणि शीव-माटुंगा या मोठ्या योजना १८९९-१९०० च्या सुमारास आखल्या गेल्या. या दोन्ही योजनांत प्रत्येकी साठ हजार लोकांची सोय व्हावी, असा विचार होता.

आता अशी वस्ती प्रत्यक्षात कशी उभी राहते, ते पाहू. कामाच्या पायऱ्या लक्षात ठेवा.

पहिली पायरी जमिनीची. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात सार्वजनिक कामासाठी मोबदला देऊन जमीन घेण्याची तरतूद होती. दुसरी पायरी नकाशाची. रस्ते, चौक, बागा, शाळा यांच्या जागा आधी कागदावर ठरवल्या गेल्या. तिसरी पायरी भरावाची. सखल जमिनीवर माती-दगड टाकून ती उंच करावी लागली. मगच रस्ते, गटारे आणि पाण्याचे नळ आले. चौथी पायरी भूखंडांची. तयार झालेल्या जमिनीचे तुकडे पाडून ते लोकांना देण्यात आले.

येथे एक गोष्ट समजून घ्या. ट्रस्टने भूखंड बहुधा विकले नाहीत. ते ९९ वर्षांसारख्या लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले. जमीन ट्रस्टच्या मालकीची राहिली आणि तिच्यावरची इमारत भाडेपट्टा घेणाऱ्याने बांधली. यामुळे ट्रस्टला करारात अटी घालता आल्या. ठरलेल्या मुदतीत इमारत बांधली पाहिजे. नकाशा आधी मंजूर करून घेतला पाहिजे. भूखंडाचा काही भाग मोकळा सोडला पाहिजे. इमारत ठरलेल्या उंचीपेक्षा उंच नको. वस्तीची शिस्त अशी कागदावरच्या अटींतून आली.

या अटींमध्ये एक अट फार मजेची आहे. तिला ‘साडेत्रेसष्ट अंशांचा नियम’ म्हणत. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी या नियमाचा खूप आग्रह धरला. समजा, तुमच्या खोलीसमोर एक इमारत आहे. तुमच्या भिंतीच्या पायथ्यापासून त्या इमारतीच्या माथ्यापर्यंत एक सरळ रेषा काढा. ती रेषा जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा मोठा कोन करता कामा नये. गणिताच्या भाषेत, समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीपेक्षा जास्त नको. इमारत ४० फूट उंच असेल, तर मध्ये निदान २० फूट जागा सोडायची. एवढे केले की खालच्या मजल्यावरच्या खोलीतही आकाशाचा तुकडा दिसतो. भूमितीतला एक कोन गरिबाच्या खोलीत उजेड आणू शकतो!

भूखंड मिळाला की पाचवी पायरी बांधकामाची. मालक स्वतः विटा रचत नाही. तो कंत्राटदार नेमतो. कंत्राटदाराला मराठीत ‘मक्तेदार’ असाही शब्द आहे. आधी कामाचे अंदाजपत्रक तयार होते. मग निविदा मागवल्या जातात. निविदा म्हणजे ‘हे काम मी इतक्या रकमेत करीन’ असे कंत्राटदाराने लिहून दिलेले पत्र. योग्य निविदा निवडली की करारनामा होतो. त्यात काम कोणते, माल कसा, रक्कम किती, मुदत किती आणि मुदत चुकली तर दंड किती, हे लिहिलेले असते. कंत्राटदार अनामत रक्कम ठेवतो. जसजसे काम होईल, तसतसे मोजमाप घेतले जाते आणि मोजमापाप्रमाणे पैसे दिले जातात.

वरच्या परिच्छेदांतील शब्द पुन्हा वाचा. त्यांतले कितीतरी शब्द तुमच्या ओळखीचे आहेत! करार, मुदत, नकाशा, मंजूर, इमारत, रक्कम, मालक, कायदा हे शब्द तुम्ही उर्दूत रोज वाचता. उर्दूतील ‘अमानत’ मराठीत ‘अनामत’ झाली. ‘मंजिल’चा ‘मजला’ झाला. ‘मजदूर’चा ‘मजूर’ झाला. कराराच्या अटींना सरकारी मराठीत ‘अटी व शर्ती’ असा जोडशब्द आहे. त्यातली ‘शर्त’ तर तुमचीच. म्हणून मराठीतला करारनामा वाचताना घाबरू नका. त्याची अर्धी भाषा तुम्हाला आधीच येते.

दादर-माटुंग्यात अशा करारांतून निरनिराळ्या वसाहती उभ्या राहिल्या. मंचरजी जोशी नावाच्या पारशी अभियंत्याने ट्रस्टमध्येच काम करत असताना आपल्या समाजातील मध्यमवर्गीय कुटुंबांसाठी १०३ भूखंड राखून ठेवण्यास ट्रस्टला राजी केले. त्यातून दादरची पारशी कॉलनी झाली. जवळच हिंदू कॉलनी वसली. माटुंग्यात दक्षिण भारतातून आलेली अनेक कुटुंबे राहू लागली. गावदेवीला १९१५ साली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. एकट्याला न परवडणारे घर अनेकांनी मिळून बांधायचे, ही तिची कल्पना होती. आज गावोगावी दिसणाऱ्या गृहनिर्माण संस्थांची ती वडीलधारी म्हणायला हवी.

पण मित्रांनो, या कथेची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. भूखंड घेऊन इमारत बांधण्यासाठी हाती पैसा लागतो. तो कारकुनाजवळ थोडा होता, व्यापाऱ्याजवळ जास्त होता. गोदीतल्या हमालाजवळ आणि गिरणी कामगाराजवळ मुळीच नव्हता. ट्रस्टने शहरातल्या जुन्या चाळी पाडल्या, तेव्हा तेथील भाडेकरूंच्या हाती कोणताही करार नव्हता. घरमालकाला मोबदला मिळाला. भाडेकरूला मात्र नवी खोली शोधावी लागली. सुरुवातीच्या वर्षांत ट्रस्टने जितकी घरे पाडली, त्या मानाने गरिबांसाठी नवी घरे फारच थोडी बांधली. मग ही माणसे शेजारच्या चाळीत गेली आणि तेथली गर्दी आणखी वाढली. जी गर्दी कमी करायची होती, तीच एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत गेली.

ट्रस्टने काही चाळी कामगारांसाठीही बांधल्या. लोक त्यांना आजही ‘बी. आय. टी. चाळी’ म्हणतात. परळच्या पोयबावाडीतील अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर कितीतरी वर्षे राहिले. लहानशा जागेत, दिव्याच्या उजेडात त्यांनी अभ्यास केला. पुढे १९३० च्या दशकात त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ हे घर बांधले आणि त्यात आपल्या हजारो ग्रंथांना जागा दिली. त्याच भागातून जाणाऱ्या मोठ्या रस्त्याला आज डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग म्हणतात.

१९२० साली सरकारने विकास विभाग स्थापन केला. कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधण्याचा त्याचा बेत होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी उभ्या राहिल्या. त्यांत सुमारे सोळा हजार खोल्या होत्या. यांनाच ‘बी. डी. डी. चाळी’ म्हणतात. एक खोली १६० चौरस फुटांची. शौचालय सर्वांचे मिळून. चाळी सिमेंट काँक्रीटच्या आणि मजबूत होत्या. पण पुष्कळ खोल्या सुरुवातीला रिकाम्याच पडल्या. नकाशा काढणाऱ्याने भिंतींची जाडी मोजली होती. त्यात राहणाऱ्याला काय हवे, हे मात्र विचारले नव्हते.

इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट १९३३ साली मुंबई महानगरपालिकेत विलीन झाला. बी. डी. डी. चाळींचा पुनर्विकास आता सुरू आहे. १६० चौरस फुटांच्या खोलीच्या जागी ५०० चौरस फुटांचे घर देण्याचे ठरले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील पहिल्या ५५६ रहिवाशांना नव्या घरांच्या चाव्या देण्यात आल्या. शंभर वर्षांपूर्वीच्या भाडेकरूला जो कागद मिळाला नव्हता, तो आज त्याच्या नातवंडांना मिळत आहे.

या सर्वांतून आपण काय शिकायचे? घर विटा-चुन्याने उभे राहते, हे खरे. पण ते टिकते कागदावर. भारतात करारांसाठी १८७२ चा कायदा आहे. दोन्ही पक्षांची संमती स्वतंत्र असली पाहिजे, धाक किंवा फसवणूक नसावी, असे तो सांगतो. वयाची अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत तुम्हाला करार करता येत नाही. तोपर्यंत करार वाचायला तर शिका! तुमच्या घरात भाड्याचा, इमारतीच्या दुरुस्तीचा किंवा पुनर्विकासाचा मराठी कागद येईल. आजोबा म्हणतील, “बेटा, यात काय लिहिलंय?” तेव्हा तो कागद हातात घ्या. मुदत कोणती, रक्कम किती, आपले नाव बरोबर आहे की नाही, हे त्यांना वाचून दाखवा. सही नंतर, वाचन आधी. मराठी शिकण्याचा याहून मोठा उपयोग कोणता?

शब्दार्थ

दुतर्फा – दोन्ही बाजूंना
दगावणे – मरण पावणे
भूसंपादन – सरकारने जमीन ताब्यात घेणे
मोबदला – भरपाई म्हणून दिलेली रक्कम
भूखंड – जमिनीचा आखलेला तुकडा
भाडेपट्टा – ठरावीक मुदतीसाठी भाड्याने देण्याचा करार
अंदाजपत्रक – खर्चाचा आधी मांडलेला हिशेब
विलीन होणे – मिसळून एक होणे
संमती – मान्यता, रजामंदी

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना कोणत्या साली झाली?
(आ) निविदा म्हणजे काय?
(इ) ‘राजगृह’ कोठे आहे?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) ट्रस्टला करारात अटी घालता आल्या.
(आ) जुन्या चाळी पाडूनही शहरातील गर्दी कमी झाली नाही.

प्र. ३. समोरची इमारत ४८ फूट उंच आहे. साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाप्रमाणे मध्ये निदान किती जागा सोडावी लागेल? आकृती काढून सांगा.

प्र. ४. पाठात आलेले आणि उर्दूतही असलेले दहा शब्द शोधा. प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.

उपक्रम : घरातील वीजबिल किंवा भाडेपावती मोठ्यांच्या परवानगीने वाचा. त्यातील नाव, तारीख, रक्कम आणि मुदत वहीत लिहा.