फ्लेक्सवर फोटो फाटतो, तिथून पुढे

बीड जिल्ह्यातल्या केजमध्ये वाढदिवस असो की शिवजयंती, बॅनर चौकात लागायच्या आधी पोरांच्या स्टेटसला लागतो. दहावी-बारावीतली मुलं तो मोबाइलवरच, पिक्सलॅब ॲपमध्ये बनवतात. घरच्यांना दिसतं ते एवढंच, की पोरगं रात्री उशिरापर्यंत मोबाइलमध्ये डोकं घालून बसलंय. सोयाबीनच्या पैशातून लातूरच्या क्लासची फी भरलेल्या बापाचा जीव खालीवर होणारच. तरीही मोबाइल हिसकावण्याआधी एकदा शेजारी बसा आणि म्हणा, "काय बनवलंस, दाखव बरं."

दाखवायला काही असेल तर त्यात पुढे जाण्यासारखं आहे. नुसते रील सरकवण्यातून करिअर होतं, असं मी कुणाला सांगणार नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर तर 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंदीच आली आहे.

बनवणारं पोरगं अडतं कुठे, तेही बघा. स्टेटससाठी 1080 पिक्सेल रुंदीचं चित्र झकास दिसतं. तेच 10 फुटी फ्लेक्सवर छापलं, की 120 इंचांत पसरून इंचाला जेमतेम 9 पिक्सेल उरतात आणि फोटो फाटतो. अक्षरं कोरलड्रॉ किंवा इंकस्केपसारख्या व्हेक्टर सॉफ्टवेअरमध्ये केली तर कितीही मोठी करा, कडा स्वच्छ राहतात. स्क्रीनवरचा रंग प्रकाशाचा, छपाईचा शाईचा. म्हणून मोबाइलवर झळकणारा भगवा फ्लेक्सवर मंद उतरतो. आणि 'चि.'च्या पुढचं नाव चुकलं तर अख्खा फ्लेक्स वाया. हे सगळं समजायला सुट्टीत एखाद्या फ्लेक्सच्या दुकानात बसावं. मालक चहा सांगेल, कामंही सांगेल, दोन्ही करावं.

आपल्याच जिल्ह्यातले, सांगवी पाटणचे दादासाहेब भगत आयटीआय करून पुण्यात इन्फोसिसमध्ये ऑफिसबॉय झाले. तिथं संगणकावर काम करणारी माणसं पाहून ते ॲनिमेशनकडे वळले. लॉकडाउनमध्ये गावाकडे गुरांच्या गोठ्यातून त्यांनी स्वतःची डिझाइनची कंपनी चालवली आणि पुढे 'शार्क टँक' या टीव्ही कार्यक्रमात उद्योजक अमन गुप्तांकडून 1 कोटींची गुंतवणूक मिळवली. मुलं हे उदाहरण 'डिग्री लागत नाही' म्हणून सांगतात. मला त्यातली नोकरी सांभाळून शिकण्याची वर्षं जास्त मोलाची वाटतात. डिग्री नसेल, पण शिक्षण थांबलं नव्हतं.

शिकायला फार पैसा लागत नाही. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'वर इंकस्केप, गिंप, लिब्रेऑफिस असे धडे फुकट आहेत, त्यातले बरेच मराठीतही. दहावीनंतर आयटीआयचा कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटर) ट्रेड एक वर्षाचा आहे. टायपिंगची परीक्षा देऊन ठेवावीच; लिपिक-टंकलेखक पदाला मराठीत मिनिटाला 30 शब्दांचा वेग मागतात, आणि युनिकोड मराठी सफाईने टाइप करणारा माणूस डिझाइनच्या दुकानातही हवाच असतो.

एक खर्च मात्र टाळू नका. नवा महागडा फोन घेण्यापेक्षा त्याच पैशात जुना, चालता कॉम्प्युटर घ्या आणि तो बैठकीत, सगळ्यांच्या नजरेसमोर ठेवा. बारावीचं वर्ष असेल तर आठवड्याला दोन संध्याकाळी पुरेत. मुलाने ठरल्या वेळेत, ठरल्या पैशात, बाहेरच्या माणसाचं एक काम पुरं करावं. आणि वर्षभर अशी केलेली कामं एका फोल्डरमध्ये तारखेसह जपून ठेवावीत. उद्या पुण्यात कुणी मुलाखतीत "काय येतं?" विचारलं, तर तो फोल्डरच उघडून दाखवायचा.