बिलावरील ६४ अक्षरांचा हिशेब

मालाचे गठ्ठे आले की आपण ताके मोजतो, पन्हा पाहतो. बिल मात्र घडी घालून फाइलला लावतो. भिवंडी, इचलकरंजी किंवा सुरतच्या मोठ्या पेढीच्या बिलावर एक चौकोनी क्यूआर कोड आणि अक्षर-आकड्यांची लांबलचक ओळ असते. झरीत आम्ही कित्येक महिने तिला छपाईची सजावटच समजत होतो. मग एकदा एकाच क्रमांकाचे बिल मोबाइलवर दोनदा आले. दुसऱ्यात रक्कम आठ हजारांनी जास्त. दलाल म्हणाला, "शेठ, दुसरंच खरं धरा." क्यूआर तपासला तर त्याने पहिलीच रक्कम दाखविली.

१ ऑक्टोबर २०२० रोजी ५०० कोटींवरील उलाढालीसाठी ई-इन्व्हॉइस सुरू झाले. १ ऑगस्ट २०२३ पासून ही मर्यादा ५ कोटींवर आली. अशा पेढीने दुसऱ्या व्यापाऱ्याला दिलेले बिल सरकारी पोर्टलवर नोंदवावे लागते. तेथून ६४ अक्षरांचा क्रमांक मिळतो, त्याला आयआरएन म्हणतात. हाच हॅश. मजकूर ठराविक गणितातून काढला की ही ओळ तयार होते. मजकूर तोच असेल तर ओळ तीच. एक अंक बदलला तर ओळ पार बदलते. ओळीवरून मजकूर मात्र उलटा काढता येत नाही.

येथे बहुतेकांची गल्लत होते. आयआरएन बनतो तो विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, दस्ताचा प्रकार, बिल क्रमांक आणि आर्थिक वर्ष या चारच गोष्टींवरून. रक्कम त्यात नाही. एकच बिल दोनदा नोंदले जाऊ नये, एवढे काम तो करतो. रक्कम, तारीख आणि खरेदीदाराचा जीएसटी क्रमांक क्यूआरमध्ये असतात आणि त्यावर पोर्टलची डिजिटल सही असते. त्या सहीच्या पोटातही हॅशच आहे. म्हणून ओळ पाहून समाधान मानू नये. जीएसटी नेटवर्कच्या ॲपने क्यूआर वाचावा आणि कागदाशी ताडून पाहावा. साध्या स्कॅनरवर नुसती अगम्य अक्षरे येतात. बँकेचा खातेक्रमांक या क्यूआरमध्ये नसतो. तो बदललेला दिसला तर जुन्या ओळखीच्या नंबरावर फोन करूनच पैसे पाठवावेत. बनावट बिलावर घेतलेली कराची वजावट नाकारली गेली की कर, व्याज आणि दंड आपल्याच गळ्यात येतो.

जीएसटीचे पोर्टल ब्लॉकचेन नव्हे. ब्लॉकचेन समजण्यास आपली रोकडवही पुरे. पानाची बेरीज पुढील पानावर नेतो. मागे कोणी खाडाखोड केली तर पुढचे एकही पान जुळत नाही. ब्लॉकचेनमध्ये बेरजेऐवजी मागील पानाचा हॅश पुढे नेतात आणि वहीच्या प्रती अनेकांकडे ठेवतात, म्हणजे मालकालाही अख्खी वही गुपचूप नव्याने लिहिता येत नाही. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे २०२२ मध्ये सुमारे ६५ हजार जातीच्या दाखल्यांसाठी हीच पद्धत हाती घेण्यात आली. बनावट दाखल्याचा हॅश तेथे सापडणार नाही.

परंतु लिहिणाऱ्याने मुळातच खोटे लिहिले तर? हॅश ते खोटेही तितक्याच इमानाने जपतो. कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत (सूरह बकरह, २८२) उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्यास सांगते, आणि लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहावे व साक्षीदार ठेवावेत असेही सांगते. हॅश हा लिखाणाचा साक्षीदार आहे. गठ्ठ्यात वीस ताके होते की अठरा, हे त्याला ठाऊक नाही. ते आपणच, गाडी सुटण्यापूर्वी मोजायचे.

उधारीच्या वादात मोबाइलवरील ऑर्डर पुरावा म्हणून द्यावयाची असेल तर १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात फाइलचा हॅश लिहावा लागतो. तो मूळ फाइलचाच काढावा. व्हॉट्सॲपवर फोटो पाठविताना तो लहान होतो. डोळ्यांना चित्र तेच दिसते, हॅश मात्र वेगळा येतो. म्हणून फोन बदलताना जुना हँडसेट विकण्याची घाई करू नये.