हात हंसानं मोडला नाही

आमच्या भावकीत आता ही गोष्ट पक्की झाली आहे की मावशीच्या राजहंसानं दाजींचा हात मोडला. बारशाला, वास्तुशांतीला, कुठंही चार माणसं जमली की कुणीतरी विषय काढतंच, आणि सांगणाऱ्यागणिक हंस मोठा होत जातो. मागच्या खेपेला मी ऐकलं तेव्हा तो कमरेला लागत होता आणि पंखाच्या एका तडाख्यात हाडाचे दोन तुकडे करून गेला होता. मी त्या वेळी अंगणातच होतो. हात मोडला हे खरं, हंस अंगावर आला हेही खरं. पण या दोन खऱ्यांच्या मधली पायरी सगळेच गाळतात, आणि धडा नेमका त्या पायरीत आहे.

मावशीचं रान कोल्हापूरजवळ, कळंब्याच्या पुढं, गारगोटी रोडपासून आत. तिन्ही बाजूंनी ऊस, मध्ये घर, पुढं शहाबादी फरशीचं अंगण, कडेला गोठा. रानात एकटं घर म्हटलं की साप आणि चोर या दोन काळज्या आल्याच. कुणीतरी सांगितलं म्हणून मावशीनं राजहंस आणले. त्यांनी कुत्र्यालाच कामावरून काढल्यासारखं केलं. पायवाटेवर अनोळखी पाऊल वाजलं की मोटरघरापर्यंत ऐकू जाईल असा गलका सुरू.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. तरुणपणी तालमीतली माती अंगाला लागलेली, आता पोट सुटलंय, तरी रस्त्यात समोरून आले तर माणूस आपोआप बाजूला होतो. त्या दिवसांत एक मादी कडब्याच्या गंजीच्या आडोशाला अंड्यांवर बसली होती. दाजी मोबाइल काढून फोटोसाठी वाकले. नर तोवर पंधरा-वीस फुटांवर गवत खुडत होता. त्यानं आधी मान उंच केली आणि एकच मोठा आवाज काढला. दाजींनी तिकडं लक्ष दिलं नाही. मग त्यानं मान खाली घेतली, पार जमिनीलगत, सरळ पुढं ताणली, चोच उघडली आणि सायकलच्या ट्यूबमधून हवा सुटावी तसा आवाज काढत चालत निघाला. धावत नव्हता. हे मी मुद्दाम सांगतोय. चालत येत होता.

"पाव्हणं, पळू नगासा! हुबं ऱ्हावा!" मावशी गोठ्यातनं ओरडली.

दाजी पळाले. हंसानं मग पंख पसरले आणि तोही पळाला. अंगण नुकतंच धुतलेलं, पायात गुळगुळीत तळाची चप्पल. गोठ्याच्या कोपऱ्यावर वळताना पाय निसटला आणि सगळा भार पुढं टेकलेल्या उजव्या तळहातावर आला. हंस पोचला तो त्यानंतर. त्यानं पडलेल्या माणसाची पँट मागून धरली, दोन हिसडे दिले, पंख तीन-चारदा आपटले आणि मान ताठ करून मादीकडं परत गेला. विजयी मल्ल खासबागेत फेरी मारतो त्याच थाटात, असं मावशीचा नातू पुढं कित्येक दिवस सांगत होता. दाजींसमोर नाही, अर्थात.

हंसानं केलेली इजा मी स्वतः पाहिली. मांडीच्या मागं रुपयाएवढा काळानिळा डाग, कातडी जेमतेम खरचटलेली. हंसाच्या चोचीला दात नसतात, पण कडेला करवतीसारखे बारीक काटे असतात, गवत कापायला. तो चावत नाही, चिमटतो आणि पिळतो. तेवढ्यानं डोळ्यांत पाणी येतं, हाडाला काही होत नाही. मनगट मात्र बघता बघता सुजलं. "वस्तादांकडं नेऊ, तेल लावून बसवतील," असा एक सूर निघालाच. कोल्हापुरात तो निघणारच, आणि मुरगळलेल्या पायाला त्या हातांचा गुण येतो हे मीही पाहिलंय. पण मनगटाचा आकार बदलला होता, म्हणून आधी एक्स-रे काढला. मनगटाजवळचं हाड मोडलेलं. डॉक्टरांनी हंसाची सगळी कहाणी ऐकून घेतली आणि एवढंच विचारलं, "हात टेकून पडलात ना?" पावसाळ्यात न्हाणीघरात घसरणाऱ्यांचं जे हाड मोडतं, तेच हे.

आता त्या समजुतीकडं येऊ. हंसाच्या पंखाच्या फटक्यानं माणसाचा हात मोडतो, असं इंग्लंडमध्येही पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. तिकडचा हंस मोठा. मूक हंसाचा नर दहा-बारा किलोपर्यंत भरतो आणि पंख पसरले की टोकापासून टोकापर्यंत दोन मीटरच्या वर जातो. आपल्याकडं अंगणात जो असतो, चोचीच्या मुळाशी टेंगूळ असलेला, त्याला आपण राजहंस म्हणत असलो तरी तो पाळीव कलहंस. वजनाला त्याच्या निम्मा. चित्रातला लांब मानेचा हंस महाराष्ट्रात राहत नाही. उत्तर भारतात एखाद्या हिवाळ्यात भरकटून आला तर ती बातमी होते. मोठा असो की लहान, उडणाऱ्या पक्ष्याची बहुतेक मोठी हाडं आतून पोकळ असतात, आणि पंखाच्या सांध्यावरचा कठीण गड्डा लागला तर वळ उठतो. धडधाकट माणसाचं हाड मोडायला तेवढं बळ पुरत नाही. मला वाटतं, इंग्लंडातल्या कित्येक 'मोडलेल्या' हातांच्या आधी कुठलीतरी ओली फरशी, उतरता काठ किंवा निसटलेला पाय असणार. आमच्या घरात दंतकथा माझ्या डोळ्यांदेखत तयार झाली, म्हणून म्हणतो.

याचा अर्थ हंस गरीब गाय आहे असा नाही. ही उलटी समजूतही आपल्याकडं आहेच. सरस्वतीचं वाहन, आणि घरोघरी टांगलेल्या रविवर्म्याच्या चित्रातला दमयंतीशी हितगुज करणारा हंस. त्या चित्रावर विश्वास ठेवून सेल्फीसाठी गळ्यात हात टाकायला जाणारे पाहुणे मी पाहिलेत. हंस हा हद्द राखणारा पक्षी आहे, आणि माणसानं त्याच्या या स्वभावाचा पुरेपूर उपयोग करून घेतला आहे. रोमवर चाल करून आलेल्या शत्रूची चाहूल इ.स.पू. ३९० मध्ये मंदिरातल्या कलहंसांनी दिली, ही कथा जुनी. स्कॉटलंडमध्ये डंबार्टन इथं बॅलंटाइन्सच्या व्हिस्कीच्या गोदामांवर १९५९ पासून २०१२ पर्यंत चक्क पांढऱ्या चिनी कलहंसांचा पहारा होता. मावशीच्या अंगणातले त्यांचेच भाऊबंद.

हंसामुळं माणूस दगावल्याचं उदाहरणही आहे. २०१२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत शिकागोजवळ एका वसाहतीच्या तळ्यातल्या हंसांची देखभाल करणारा माणूस लहान होडीतून त्यांच्याजवळ गेला. हंस अंगावर आला, होडी उलटली आणि तो बुडाला. केंब्रिजच्या नदीत वल्हवणाऱ्यांच्या मागं लागणारा एक हंस इतका कुप्रसिद्ध झाला की लोकांनी त्याला गुंडाचं टोपणनाव दिलं, आणि २०१२ मध्येच त्याला उचलून दूर सोडावं लागलं. दोन्हीकडं धोका पाण्याचा. पक्षी ढकलतो, घाबरवतो, तोल घालवतो. पुढचं काम फरशी करते नाहीतर पाणी करतं. म्हणून तलावात नौकाविहार करताना काठच्या गवतात बसलेल्या हंसाच्या जवळून होडी नेऊ नये, आणि लाइफ जॅकेट अंगात हवं, मग हंस असो वा नसो.

अंगावर आलाच तर काय करायचं, हे मावशीनं त्या एका वाक्यात सांगितलं होतं. उभं राहायचं. तोंड त्याच्याकडं ठेवायचं, पाठ करायची नाही. हातातली पिशवी, छत्री, काही नसलं तर काढलेलं जॅकेट मध्ये धरायचं. दोन्ही हात पसरले की आपण त्याला मोठे दिसतो. मग एकेक पाऊल मागं सरकायचं, कुठं पाय पडतोय ते बघत. त्याला आपल्याला मारायचं नसतं, हद्दीबाहेर काढायचं असतं. आठ-दहा पावलं मागं गेलात की बहुतेक वेळा तो थांबतो. लाथ मारू नये. एक तर त्याला इजा होते, दुसरं म्हणजे एका पायावर उभा राहिलेला माणूस पडायला निम्मा तयारच असतो. चोचीत कपडा सापडला तर सोडवायला जोरात ओढू नये, कातडी सापडली तर मुळीच नाही. हिसडा दिला की तो पिळतो. जरा दम धरला की सोडतो.

त्याची भाषा दोन खुणांत कळते. मान वर आणि आवाज मोठा, म्हणजे तो ओरडून सांगतोय. मान खाली, पुढं ताणलेली आणि आवाज फुसकारण्याचा, म्हणजे सांगून झालंय. दाजींना पहिली खूण मिळाली होती. मादी अंड्यांवर असते तो जवळपास महिनाभर आणि पिल्लं मागं फिरत असतात ते पुढचे काही आठवडे, या काळात एरवी हातातून दाणे खाणारा नरही ओळख दाखवत नाही. मावशीला दाखवतो. आम्हाला नाही.

लहान मुलांचं वेगळं. तीन-चार वर्षांच्या पोराचं तोंड आणि हंसाची चोच एका उंचीवर येतात, आणि डोळ्याला लागलं तर ते प्रकरण साधं राहत नाही. अशा वेळी बाकी सगळं सोडून पोराला आधी उचलून घ्यावं. रंकाळ्यावर फिरायला गेलेलं पोर हातातले चिरमुरे पाण्यात टाकतंच, बदकंही येतात, मौज वाटते. पण ज्या पक्ष्याला माणसाच्या हातात खाणं असतं हे कळलं, तो रिकाम्या हातावरही चाल करून येतो. हातानं भरवण्याची हौस करू नये. म्हाताऱ्या माणसांना हंस असलेल्या अंगणात एकटं सोडू नये. त्यांना चिमटा सोसेल, पडणं सोसणार नाही.

चोच लागून रक्त आलं तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली चांगली धुवावी आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय ते डॉक्टरांना सांगावं. आमच्याकडं एका पाहुण्यानं "कुत्र्याची इंजेक्शनं घ्या" असा धोशा लावला होता. रेबीज हा सस्तन प्राण्यांचा रोग, पक्ष्याच्या चोचीतून तो येत नाही. डोळ्याजवळ लागलं, सूज वाढत गेली किंवा पडल्यावर हात-पाय वाकडा दिसला तर घरगुती उपाय बाजूला ठेवून दवाखाना गाठावा.

सापांचंही सांगून टाकतो, कारण बहुतेक लोक हंस त्यासाठीच आणतात. हंस गवत खाणारा आहे. साप दिसला तर तो आरडाओरडा करतो, कधी अंगावरही जातो, त्यामुळं आपण सावध होतो. पण रात्री उसातून आलेली घोणस वैरणीखाली शिरली तर हंसाला पत्ताही लागत नाही. हंस आणले म्हणून अंधारात बॅटरीशिवाय गोठ्यात जाणारी माणसं मला हंसापेक्षा जास्त काळजीत टाकतात.

आणि ज्याची भीती वाटायला हवी त्याच्याबद्दल कुणी पंगतीत बोलत नाही. बर्ड फ्लू. भारतात तो पहिल्यांदा सापडला तो आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, २००६ च्या फेब्रुवारीत. २०२० संपता संपता हिमाचलातल्या पाँग धरणावर स्थलांतरित पक्षी हजारोंनी मेले. त्यांत सर्वांत जास्त होते पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेले, तिबेट-लडाखकडून हिमालय ओलांडून येणारे रानटी कलहंस. हेच पक्षी हिवाळ्यात उजनीसारख्या जलाशयांवर आपल्याकडंही येतात. पाँगनंतरच्या जानेवारीत परभणीच्या मुरुंब्यात कोंबड्या मेल्या. आणि २०२१ च्या जुलैत दिल्लीत एका लहान मुलाचा या रोगानं मृत्यू झाला, माणसाचा देशात नोंदला गेलेला पहिला. तलावाकाठी मेलेला किंवा मान टाकलेला पक्षी दिसला तर तो कितीही सुंदर असो, हात लावू नये. फोटो लांबून काढावा आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावं. रानटी कलहंस पकडून घरच्या कळपात सोडायचा विचारही नको. वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे, आणि आजार घरात आणायचा तो सोपा रस्ता. घरचे हंस असतील तर त्यांची विष्ठा झाडल्यावर हात धुवायचे, पोरांना तिथं अनवाणी सोडायचं नाही, आणि त्यांचं पाणी आणि गुरांचं पाणी वेगळं ठेवायचं.

दाजींचं प्लास्टर निघाल्यावर मावशीनं दोन गोष्टी केल्या. अंड्यांवर मादी बसली की गंजीपुढं कमरेएवढी जाळी लावते, आणि पाहुणे येणार असतील तर अंगण आदल्या संध्याकाळी धुते. पोर्चपासून गोठ्यापर्यंतची फरशी खडबडीत करून घ्यायची म्हणून गवंडी येऊन माप घेऊन गेलाय, पण नर त्याला टेप सरळ धरू देत नव्हता, त्यामुळं आकडा अजून नक्की व्हायचाय.