क्लचच्या पाइपापाशी शिकलेलं

गेल्या पावसाळ्यात कोल्हापूरहून रत्नागिरीला येताना, आंबा घाट उतरत असताना क्लचचं पेडल पायाखाली गेलं ते वर आलंच नाही. बुटाच्या टोकाने ते उचललं, तीन-चारदा भराभर दाबलं, तेव्हा कुठे दुसरा गिअर पडला. मागच्या सीटवर आई झोपली होती. त्यानंतरचे तीन रविवार मी गाडीखाली काढले. तिथे जे उमगलं, ते हे.

१. पहिलं निदान बहुतेक भीतीच करते. क्लच प्लेट गेली, गिअरबॉक्स उतरवावा लागणार, असं मी घाटातच ठरवून टाकलं आणि रात्रभर खर्चाची बेरीज करत पडलो. सकाळी मेस्त्रींनी दोनच गोष्टी विचारल्या. इंजिन बंद असताना गिअर पडतात का? पडतात, अगदी अलगद. चढाला गाडी ओढते का? ओढते. “मग प्लेटला कशाला दोष देताय? प्लेट झिजली की इंजिन नुसतं ओरडतं, गाडी पुढे जात नाही. तुमचा क्लच सुटत नाहीये. दाब कुठे जातोय ते बघा.” क्लच घसरणं आणि क्लच न सुटणं ही दोन उलट दुखणी आहेत. वीस वर्षं गाडी चालवून मला ते सांगता येत नव्हतं.

२. भर घालणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. दोन महिने क्लचच्या डबीतलं ऑइल खाली जात होतं आणि मी निमूटपणे भरत होतो. पेडलपाशी मास्टर सिलिंडर, गिअरबॉक्सपाशी स्लेव्ह सिलिंडर आणि मध्ये पाइप असा हा बंद रस्ता आहे. त्यातलं ऑइल जळून संपत नाही. कमी झालं, तर ते बाहेर पडतंय एवढाच त्याचा अर्थ. शिवाय मी भरत होतो ती फडताळातली, कधीतरी उघडलेली अर्धी बाटली. हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि कोकणात ओलाव्याला काय तोटा? डॉट ४ प्रतीचं कोरडं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ३.७ टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ वर येते. आता लागेल तेवढी लहान बाटलीच आणतो.

३. खूण बरेच दिवस डोळ्यांसमोर होती. बॉनेटच्या आत, पाइपाच्या बरोबर खाली, तळहाताएवढ्या जागेत रंगाला फोड आले होते. खारी हवा, गंजणारच, असं म्हणत मी ते दर रविवारी पुसत होतो. पण हे ऑइल रंग सोलून काढतं. फोडाला बोट लावलं तर रंग ओल्या सालीसारखा सुटून आला. ज्या गोष्टीचं कारण आपण आधीच ठरवलेलं असतं, तिच्याकडे आपण पाहत नाही, हे त्या बोटाने मला शिकवलं.

४. काही गळती दाब पडल्याशिवाय दिसतच नाही. पाइप कोरडा पुसला; पाच मिनिटं, दहा मिनिटं, काही नाही. मग मुलीला पेडलवर बसवलं. तिने दाबलं, आणि पाइप जिथे क्लिपने बॉडीला धरला होता, तिथे मोहरीएवढा थेंब उगवला. तिने पाय उचलला, थेंब तिथेच थांबला. क्लिपमधलं रबर केव्हाच झिजून गेलं होतं. पत्रा पाइपाला घासत होता आणि त्या फटीत पावसाचं पाणी साचत होतं. एवढ्याशा रबराच्या तुकड्यावर घाटातली आमची गाडी अवलंबून होती.

५. चुकीचा पाना हा घाईचाच दुसरा अवतार. पाइपाच्या गंजलेल्या नटाला मी साधा फिक्स पाना लावला आणि जोर दिला. नट हलला नाही, त्याचे कोपरे मात्र गोल झाले. मेस्त्रींनी फ्लेअर नटचा पाना दिला. रिंग पान्यासारखाच, फक्त पाइप आत जाईल एवढी फट असलेला. तो नटाला चहूबाजूंनी धरतो. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर थांबलो. सकाळी नट ‘टक्’ करून सुटला. त्या रात्रीच्या थांबण्याने जे साधलं, ते माझ्या मनगटाला साधलं नव्हतं.

६. नवा पाइप जोडताना सुरुवात बोटांनीच करावी. नट चार आटे हाताने फिरला, तरच पाना लावायचा. आटे तिरके बसले तर नवा पाइपही वाया. पुढची रबरी नळी पेडल दाबताच फुगत होती, म्हणून तीही बदलली, आणि तांब्याचे वॉशर नवे घातले. जुने दिसायला ठीक होते. पण एकदा दाबले गेलेले वॉशर पुन्हा तसेच बसतील, याची खात्री नाही.

७. शेवटी प्रश्न हवेचा असतो. ऑइल दाबाने आकसत नाही, म्हणून पायाचा जोर थेट पुढे पोचतो. हवा आकसते आणि जोर स्वतःतच जिरवते. स्लेव्ह सिलिंडरवरच्या, हवा काढायच्या ब्लीडरला पारदर्शक नळी लावून मी खाली आडवा, मुलगी वर. “दाब.” “दाबलं, बाबा.” “धरून ठेव.” ब्लीडर उघडला, बुडबुडे आले, बंद केला. “आता सोड.” बुडबुडे मोजण्यात मी इतका रमलो की वरची डबी रिकामी झाली, आणि सगळा रस्ता पुन्हा हवेने भरला. पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. ती काही बोलली नाही. फक्त दर पाच वेळांनी स्वतःच उतरून डबी बघू लागली.

गाडीखाली मी पुठ्ठा अंथरून ठेवला होता. रोज सकाळी काढून उजेडात धरत होतो. महिनाभर तो कोरडा राहिला, तेव्हा आईला म्हटलं, चल, कोल्हापूरला जाऊन येऊ.