आवाज किती ठेवतोस?

कराड,
गुरुवार रात्र

चि. ओंकार,

काल तुझ्या आईचा, सुमीचा, फोन आला होता. तासभर बोलली. ओंकार तीस-पस्तीस हजारांचा हेडसेट हप्त्यावर घेतोय, त्यासाठी मेस बंद केलीय आणि वडापाववर दिवस काढतोय, असं तिला तुझ्या त्या विकीनं सांगितलं म्हणे. विकी दोनाचे चार करून सांगतो हे मला ठाऊक आहे, त्यांच्या घराण्यातच आहे ते. पण फोन ठेवता ठेवता ती सहज आणखी एक बोलून गेली. दिवाळीत तू घरी होतास तेव्हा दोन हाका मारल्याशिवाय ओ देत नव्हतास. कानाला काही लावलेलं नसतानाही. आणि टीव्हीचा आवाज तुला तिच्यापेक्षा मोठा लागत होता.

तुझ्या आईला हप्त्यांची चिंता लागलीय. मला त्या दोन हाकांची.

म्हणून आधी एवढंच सांग, आणि फोनवर नको, लिहून पाठव. रात्री खेळ बंद केल्यावर, पंखा बंद असताना, खोलीत सामसूम झाली की कानात शिट्टी येते का? बारीक, एकसुरी, कुठूनही न येणारी?

मेसचं उरकून घेतो. उद्या सुरू कर. तुझ्या वडिलांनी पोटाला चिमटा घेऊन तुझी फी भरायची आणि तू पोटाला चिमटा घेऊन खेळणं विकत घ्यायचं, हा कुठला हिशेब? खेळणं म्हटलं म्हणून फणकारू नकोस. व्हॅलोरंटच्या स्पर्धा भरतात, २०२५च्या कायद्यानं पैसे लावायचे ऑनलाइन खेळ बंद केले पण ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली, हे मीही पेपरात वाचलंय. तू त्यात नाव काढलंस तर पेढे मीच वाटीन. पण उपाशी पोटी कुणाचा नेम लागल्याचं मी ऐकलेलं नाही.

आता वस्तूबद्दल. तू आईला पाठवलेला फोटो तिनं मला धाडला. स्टीलसिरीजचा आर्क्टिस नोव्हा प्रो वायरलेस. तिला वाटलं, मामा म्हणेल फालतू आहे, की विषय मिटला. पण मी जन्मभर स्पीकर उघडले आणि जोडले, चांगल्या वस्तूला वाईट म्हणायला माझी जीभ वळत नाही. मांडवाचं काम सोडल्यापासून इथल्या इंजिनिअरिंगच्या पोरांचे हेडफोन दुकानात येतात. त्यातल्या एकाकडे हाच आहे. गाद्या बदलायला आणला होता, तेव्हा काम झाल्यावर मी तो डोक्याला लावून बराच वेळ बसलो. मामीला वाटलं मला झोप लागली.

वस्तू चांगली आहे. जाहिरात सांगते त्या कारणांसाठी नव्हे.

तपशिलात लिहिलंय, १० ते ४०,००० हर्ट्झ. ते तार जोडली तर. हवेतून २२,०००. तुझ्या वयाचा धडधाकट कान २०,०००पर्यंत ऐकतो, त्यापुढचं सगळं वटवाघळासाठी. त्या आकड्यावर एक रुपया मोजू नकोस. दोन स्पीकरांतून ७.१ आवाज, हेही तसंच. ते सगळं सॉफ्टवेअरचं गणित आहे. व्हॅलोरंटमध्ये ती सोय खेळातच आहे, एचआरटीएफ नावाची. ती लावलीस तर हेडसेटचं गणित बंद ठेव. दोन्ही एकावर एक चढवलीस तर आवाजाचा नुसता लगदा होतो आणि पाऊल कुठून आलं ते कळत नाही.

खरा गुण बॅटरीचा. माझ्या टेबलावर बिनतारी हेडफोन येतात ते बहुतेक याच दुखण्यानं. लिथियमची बॅटरी दोन-चार वर्षांत थकते, आणि ती आत अशी बसवलेली असते की उघडताना बिजागरी तरी तुटते नाहीतर पट्टी तरी. यात कानावरचं झाकण चुंबकावर बसलंय. नखानं काढायचं, बॅटरी हातात येते. अशा दोन मिळतात. एक डोक्यावर चालू, दुसरी टेबलावरच्या डब्यात चार्ज होत पडलेली. एकेक बावीस तासांपर्यंत चालते असं कंपनी म्हणते, आपण थोडे कमीच धरू. कंपनी हे सोय म्हणून विकते. मला त्यात वस्तूचं आयुष्य दिसतं. हायपरएक्सचा क्लाउड अल्फा वायरलेस एका चार्जवर ३०० तास सांगतो, ऐकून डोळे फिरतात, पण ती बॅटरी संपेल त्या दिवशी तुला तो माझ्याकडेच आणावा लागेल. ऑडिझीचा मॅक्सवेल आवाजात या दोघांच्याही वर आहे. ९० मिलिमीटरचा पातळ पडदा चुंबकांच्या जोरावर सगळाच्या सगळा हलतो, त्यानं आवाज कसा उघडतो ते सांगून कळायचं नाही. पण वजन जवळजवळ अर्धा किलो. तुझी मान लहानपणापासून दुखते, आजोळी आलास की आक्का तेल लावायची. हा आर्क्टिस ३४० ग्रॅमच्या आत आहे, तोच बरा.

दुसरा गुण, यात दोन वाटांनी आवाज येतो. नुसत्या ब्लूटूथवर खेळायचं नसतं हे तुला ठाऊक असेलच. आवाज मागाहून पोहोचतो, आणि माइक सुरू केला की ब्लूटूथ टेलिफोनच्या चालीवर जातं, आवाज चेपतो आणि डावं-उजवं एक होऊन जातं. म्हणून खेळासाठी २.४ गिगाहर्ट्झची वेगळी वाट. (तो डबा राउटरला खेटून ठेवू नकोस, यूएसबी ३च्या ड्राइव्हजवळही नको. त्यांचा कचरा नेमका त्याच पट्ट्यात पडतो.) इथे ती वाट चालू असतानाच ब्लूटूथही चालतं. म्हणजे खेळ ऐन रंगात असताना आईचा फोन आला, तर तो त्याच कानात वाजणार. ऐकू आला नाही ही सबब गेली. एवढ्या एका गोष्टीसाठी सुमीनं निम्मे पैसे द्यायला हरकत नाही असं मी तिला म्हणालो. हसली नाही.

माइक कामापुरता आहे. बिनतारी माइक सगळेच थोडे नाकात बोलतात. स्वतःचा आवाज कानात ऐकू येण्याची सोय आहे ती मात्र चालू ठेव, म्हणजे रात्री दोन वाजता ओरडणार नाहीस.

आणि आता मला मूळ गोष्टीवर येऊ दे. तू आवाज किती ठेवतोस?

माझं सगळं तुला ऐकून ठाऊक आहे. विसर्जनाच्या मिरवणुकीत ट्रॉलीवर बेसच्या खोक्याला पाठ लावून उभा असायचो. छातीत धडधडलं नाही तर ज्यांनी सुपारी दिली त्यांचे पैसे फुकट गेले असं वाटायचं. बापू मिस्त्री कापसाचे बोळे द्यायचे. कापसानं तसला आवाज अडत नाही, पण तो माणूस माया म्हणून द्यायचा आणि मी ते खिशात टाकायचो. रात्री घरी आलो की कानात शिट्टी. सकाळपर्यंत जायची. पुढे दुपारपर्यंत राहायला लागली. एका वर्षी दसऱ्यापर्यंत राहिली, आणि त्यानंतर गेलीच नाही. आत्ता हे लिहितानाही आहे.

आतल्या कानात केसांसारखे बारीक तंतू असलेल्या पेशी असतात. मोठ्या आवाजानं त्या मोडतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. पहिला फटका बसतो तो बारीक आवाजांना, ४,००० हर्ट्झच्या आसपास. माझ्या तपासणीच्या कागदावर तिथं खड्डा आहे. यात फसवं हे की माणूस बहिरा होत नाही. कुणीतरी बोललं हे कळतं, काय बोललं ते लागत नाही. आ, ई, ओ सगळे ऐकू येतात, पण स होता, फ होता की थ, ते विरून जातं. म्हणून दुसरी हाक लागते. आक्का शेवटी शेवटी किती बारीक बोलायची. सुमी उशाशी बसून मला सांगायची, आक्का काय म्हणाली ते. मी मान हलवायचो. त्यातलं सुमीनं किती गाळलं, किती मऊ करून सांगितलं, ते मी तिला कधी विचारलं नाही. आता विचारून काय करू?

आमचा धंदा तरी वर्षातून काही दिवसांचा. शिवाय २०००च्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री १० वाजता आमचे कर्णे बंद करायला लावले. आम्ही शिव्या दिल्या, पण कान तेवढे वाचले. तुमच्या खेळाला दहाचा नियम नाही, आणि भोंगा थेट कानावर.

तुमची गंमत मला गाद्या बदलायला आलेल्या त्या पोराशेजारी बसून कळली. शत्रूचं पाऊल ऐकू यावं म्हणून तुम्ही आवाज चढवता. पाऊल असतं हळू. मग त्याच आवाजात बंदूक कानाशी फुटते. म्हणजे ऐकायचं असतं एक आणि सोसायचं असतं दुसरं, रात्रभर. आणि ओंकार, पावलांचा जो कुरकुरीत भाग तू टिपतोस ना, तो त्या खड्ड्याच्याच वाटेवर आहे. डावं की उजवं हे दोन कानांतल्या फरकावरून कळतं, पण समोर की मागे हे बारीक आवाजांवरून कळतं, कानाच्या पाळीत ते कसे वळतात त्यावरून. ते गेले की हेडसेट कितीही भारी असू दे, मागून आलेला मारून जाईल आणि तू म्हणशील खेळात लोचा आहे.

म्हणून माझी परीक्षा एकच. ज्या हेडसेटवर कमीत कमी आवाजात पाऊल ऐकू येतं तो चांगला. आणि या परीक्षेत तुझा हेडसेट पास होतो, म्हणून मी तुझ्या बाजूचा आहे. त्यात बाहेरचा आवाज मारायची सोय आहे. बाहेरचे माइक पंख्याची घरघर ऐकतात आणि तिच्या उलट लाट आत सोडतात. झोक्याला दोघांनी समोरासमोरून धक्का द्यावा तसं दोन्ही जागच्या जागी जिरतं. माणसाच्या बोलण्यावर ती फारशी चालत नाही, पण पंखा, कुलर, खालच्या रस्त्याची घरघर यावर छान चालते, आणि तुझ्या खोलीत तीच तर आहे. पंख्याच्या वर आवाज काढायला म्हणून तू जे दोन-चार घर चढवतोस ते चढवावं लागणार नाही. शिवाय कॉम्प्युटरवर त्याचं सोनार नावाचं सॉफ्टवेअर मिळतं. त्यात पावलांचा पट्टा थोडा वर घे, बंदुकीचा धुमधडाका खाली आण, आणि मग एकूण आवाज उतरव. मिक्सरवर आम्ही हेच करायचो. गायक ऐकू येत नाही म्हणून गायकाला वाढवणारा नवशिका, ढोलकी कमी करणारा जाणता.

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा आहे: ८० डेसिबल असेल तर आठवड्याला ४० तास. ९० असेल तर ४ तास. १०० असेल तर २० मिनिटं. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. तू रोज सहा तास खेळतोस असं विकी म्हणतो. चार धरले तरी गणित तूच कर, तू इंजिनिअर होणार आहेस. स्क्रीनवरच्या आकड्यावर जाऊ नकोस, तिथला ७० म्हणजे ७० डेसिबल नव्हे. माझा मीटर मी घेऊन येतो, गादीत धरून अंदाज येतो.

हो, शनिवारी येतोय. सकाळच्या एसटीनं. आधी आपण कानाच्या डॉक्टरकडे जाऊ. बंद खोलीत बसवतात, कानात बारीक टुंग ऐकू आलं की बटण दाबायचं, अर्ध्या तासाचं काम आहे, दुखत नाही. मीही माझे पुन्हा तपासून घेतो, म्हणजे तुला एकट्याला बसायला नको. तिथून दुकानात. तू दोन्ही कानांनी नीट ऐकून घे, आवाज अर्ध्याच्या खाली ठेवून. मॅक्सवेल असला तर तोही लावून बघ. पसंत पडला तर अर्धे पैसे माझे, अर्धे तू मला जमतील तसे दे, हप्त्याचा कागद कुणाला लिहून द्यायचा नाही. मामीला हे माहीत आहे. सुमीला इतक्यात नको, ती माझ्यावरच चिडेल, आणि तिचं चूक नसेल.

मामीनं शेंगदाण्याची चटणी केलीय, मेसच्या भाजीला चव नसते म्हणून. दोन बाटल्या आहेत, एक विकीला दे. चुगली केली तरी तुझ्या काळजीनंच केली त्यानं.

रागानं लिहायला बसलो होतो, आता तेवढा राहिला नाही. तुझी नुसती तंद्री असेल, या वयात कुणाला आईची पहिली हाक ऐकू येते? तसंच असू दे. पण शिट्टी येत असली तर माझ्यापासून लपवू नकोस. मी काही बोलणार नाही. डॉक्टर काय म्हणतात ते आपण दोघं ऐकू, आणि मला जे लागणार नाही ते तू मला सांग. आईला काय सांगायचं ते मी बघतो.

तुझा,
मामा