जखम भरली, आजार नाही

एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि लघवीला जळजळ झाली की खानदेशात घरोघरी एकच निदान होतं: उष्णता वाढली. मग सब्जा, धने-जिऱ्याचं पाणी, गुलकंद. पाणी कमी पडलं की लघवी गडद होते, जळजळते, हे खरंच आहे. पण तेवढंच असेल तर भरपूर पाणी पोटात गेल्यावर ते एक-दोन दिवसांत शमतं. लघवीच्या वाटेतून पू येणं, जननेंद्रियावर जखम होणं, जांघेत गाठ धरणं ही उन्हाची कामं नाहीत. ती लैंगिक संबंधातून आलेल्या जंतूंची असू शकतात, आणि जंतू सब्जानं मरत नाहीत.

तरीही उष्णतेवरचा विश्वास हलत नाही, कारण जखम खरोखरच आपोआप भरते. सिफिलिसचा व्रण संसर्गानंतर साधारण तीन आठवड्यांनी उठतो, बहुधा दुखत नाही, आणि काहीही केलं नाही तरी तीन ते सहा आठवड्यांत दिसेनासा होतो. त्या दिवसांत जे काही घेतलं असेल, पुडी, चूर्ण, मोबाइलवर पाहिलेला काढा, त्याला यश मिळतं. एसटी स्टँडभोवतीच्या भिंतींवर 'गुप्तरोगावर हमखास इलाज' रंगवणाऱ्यांचा धंदा याच भरून येण्यावर चालतो, आणि याची मला मनापासून चीड आहे. जंतू मात्र शरीरात राहतो. नॉर्वेतल्या ओस्लोमध्ये १८९१ ते १९१० या काळात डॉ. बोएक यांनी सुमारे दोन हजार सिफिलिस रुग्णांना त्या वेळचं पाऱ्याचं औषध दिलं नाही. पुढे त्या रुग्णांचा मागोवा घेतला गेला, तेव्हा जवळपास तिघांतल्या एकाला आजाराचे उशिराचे परिणाम भोगावे लागल्याचं दिसलं. काहींना हृदय-रक्तवाहिन्यांचे, काहींना मेंदूचे. जखमा त्या सगळ्यांच्याही भरल्याच होत्या. आज सुरुवातीच्या सिफिलिसला बेंझाथिन पेनिसिलिनचा २४ लाख युनिटचा एक डोस सहसा पुरतो. इतका सोपा इलाज असताना लाजेपायी मेंदूपर्यंत आजार जाऊ देणं मला पटत नाही.

'मेडिकलवाल्यानं गोळ्या दिल्या आणि पू थांबला,' असं कुणी म्हणेल. थांबला असेलही, पण गोनोरियाच्या जंतूनं एकेक औषध निकामी केलं आहे. एके काळी हमखास चालणारी सिप्रोफ्लॉक्सासिन आता त्याच्यावर भरवशाची राहिलेली नाही. शिवाय अशा पुवामागे क्लॅमिडिया हा दुसरा जंतूही असू शकतो. म्हणूनच राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमानं लक्षणांवरून द्यायचे रंगीत किट ठरवले. पू येत असेल तर करड्या किटमध्ये दोन्ही जंतूंसाठी ॲझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम एकत्र असतात. ही नावं वाचून दुकान गाठू नका. व्रणाला, जांघेतल्या गाठीला, ओटीपोटाच्या दुखण्याला वेगवेगळे किट आहेत. पेनिसिलिनची ॲलर्जी विचारावी लागते, व्हीडीआरएल ही सिफिलिसची रक्ततपासणी आणि एचआयव्हीची तपासणी करावी लागते. जिल्हा रुग्णालयांत आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत यासाठी सुरक्षा क्लिनिक असतात आणि औषध मोफत मिळतं. ओळखीचं कुणी पाहील ही भीती मला समजते. आधी १०९७ या मोफत क्रमांकावर नाव न सांगता बोला.

'बायकोला काहीच त्रास नाही, मग तिला गोळ्या कशाला?' हा आक्षेप सर्वांत महागात पडतो. क्लॅमिडियाचा त्रास बहुतेक स्त्रियांना जाणवतच नाही, आणि तो गर्भनलिका बिघडवून मूल होणं अवघड करू शकतो. उपचार दोघांनी एकाच वेळी घ्यायचा. एक धुळ्यात आणि दुसरा कामासाठी सुरतेला असला तरीही. करड्या किटनंतर सात दिवस संबंध टाळायचे. मात्र अंगावरून पांढरं जातं म्हणून बाईवर किंवा नवऱ्यावर संशय घेऊ नका; बुरशीनं किंवा योनीतल्या जंतूंचा समतोल बिघडल्यानंही तसं होतं.

अंडकोष एकाएकी सुजून दुखू लागला, ओटीपोटात दुखून ताप आला, नजर अंधूक झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तळहात-तळपायांवर न खाजणारे डाग उठले, तर ती ॲलर्जी समजून मलम चोळू नका, सिफिलिससाठी रक्त तपासा. गरोदरपणी व्हीडीआरएल पहिल्याच तपासणीत करून घ्या. सिफिलिस निघाला तरी घाबरू नका. वेळेत दिलेलं पेनिसिलिन आईबरोबर पोटातल्या बाळावरही उपचार करतं.